खाडीकाठच्या घराची पूर आणि वादळाची तयारी: कोणतं काम कधी, आणि कशाच्या आधी

कोकणात सामान कमी पडल्यामुळे तयारी फसली असं फारसं होत नाही. टॉर्च असतो, दोरी असते, मेणबत्त्या असतात. फसतो तो क्रम. पाणी अंगणात आल्यावर गाडी हलवायला जायचं, पंख्यापर्यंत पाणी चढेल हे दिसत असताना फ्रीज उचलायचा, ओल्या हातांनी मेन स्विच शोधायचा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पूर आणि वादळ यांना एकच संकट धरणं. पुरात सामान आणि माणसं वर न्यायची असतात. वादळात छपरावरच्या वस्तू खाली घ्यायच्या असतात आणि माणसं आतल्या, खालच्या खोलीत बसवायची असतात. पुढचे टप्पे खाडी किंवा नदीकाठच्या बैठ्या किंवा एकमजली घरासाठी आहेत. चिपळूण, खेड, महाड, राजापूर यांसारख्या ठिकाणी ते जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतील. समुद्राला लागून असलेल्या गावांनी टप्पा ४ आधी वाचावा.

टप्पा १: मे महिन्यात पाण्याच्या तीन खुणा करा

बातम्यांमध्ये नदीची पातळी मीटरमध्ये सांगतात. खेडच्या जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर आहे. पण ७ मीटर म्हणजे तुमच्या घरात किती पाणी, हे कोणी सांगत नाही. ते आपल्यालाच काढावं लागतं.

गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी मागून आणा. गल्लीत २००५ किंवा २०२१ च्या पुराची रेघ ज्या भिंतीवर अजून आहे किंवा ज्यांना ती नक्की आठवते, तिथे नळीचं एक टोक धरा आणि दुसरं आपल्या भिंतीला लावा. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर खूण वीतभर चुकते. पाणी स्थिर झालं की ऑइल पेंटने रेघ मारा. ही झाली सगळ्यात वरची खूण. दुसरी खूण जोत्याची, म्हणजे पाणी घरात शिरायला लागतं ती पातळी.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच नसते. घरापासून उंच रस्त्यापर्यंतच्या वाटेवर सगळ्यात खोलगट जागा कुठे आहे ते चालत जाऊन शोधा. ती बहुधा रस्त्याखालची मोरी, साकव किंवा पऱ्याजवळचं (ओढ्याजवळचं) वळण असते. तिथल्या खांबावर जमिनीपासून वीतभर उंचीवर खूण करा. घर कोरडं असतानाच ही वाट बंद होते, म्हणून पायरीकडे बघत बसणाऱ्यांना निघायला उशीर होतो. निघण्याचा निर्णय या खांबावर घ्यायचा.

पावसाळा सुरू झाला की एक वही ठेवा. खांबाच्या बुडाशी पाणी लागलं त्या वेळी नदीच्या पातळीचा जाहीर आकडा काय होता, तेवढं लिहा. दोन-तीन नोंदी झाल्या की नदी कितीवर गेली म्हणजे आपली वाट बुडते हे बातमी ऐकूनच कळतं.

तपासा: वाट बुडाली तर दुसरी वाट आहे का? ती डोंगराच्या बाजूने जात असेल तर टप्पा ६ मधला दरडीचा भाग वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

टप्पा २: भरतीची वेळ आपली आपण काढा

खाडीकाठी फक्त पावसाचा अंदाज बघून भागत नाही. नदीचा लोंढा खाली उतरायला आणि समोरून भरती चढायला एकच वेळ आली की पाणी तुंबतं आणि गावात पसरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण लागलेलं होतं.

जुना हिशेब अजून चालतो. पंधरवड्यातली तिथी घ्या, तीनने गुणा, चारने भागा. अष्टमी असेल तर ८ गुणिले ३ म्हणजे २४, भागिले ४ म्हणजे ६. भरती सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. त्रयोदशीला ३९ भागिले ४, म्हणजे पावणेदहा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब अर्ध्या-एक तासाने चुकू शकतो, म्हणून जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पावसाळ्याआधी छापून दाराच्या मागे चिकटवा. वेळापत्रकातली वेळ खाडीच्या मुखाशी असते. आत दहा-पंधरा किलोमीटरवर भरती उशिरा पोचते. किती उशिरा, हे गावातला होडीवाला अचूक सांगेल.

वेळेइतकीच उंचीही बघा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या मागेपुढे दोन-तीन दिवस उधाणाचे. जून ते सप्टेंबरमधले हे दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने आधीच भरून ठेवा. त्या दिवसांत मोठा पाऊस सांगितला असेल तर एक पायरी आधी हालचाल करायची.

टप्पा ३: घर पुरासाठी तयार करणं

वीज. खालच्या आणि वरच्या मजल्याचं वायरिंग वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर) हवं, म्हणजे खालचं बंद करून वर दिवा चालू ठेवता येतो. आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) बसवलेला असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा. तो पडला नाही तर बदला. इन्व्हर्टरची बॅटरी बहुतेक घरांत जिन्याखाली जमिनीवर असते. तिला वरच्या खुणेच्या वर मजबूत रॅक करून घ्या. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर वायरिंगमध्ये वीज सोडत राहतो, त्यामुळे त्याचा स्विच वेगळा बंद करावा लागतो. लोक हे हमखास विसरतात.

गॅस. सिलिंडर लोखंडाचा आणि जड, म्हणून तो जागेवर राहील असं वाटतं. प्रत्यक्षात रिकामा तर तरंगतोच, भरलेलाही पाणी उचलतं. मग रेग्युलेटर आणि नळी ओढली जाऊन गळती होते. खिडकीच्या गजाला किंवा भिंतीतल्या कडीला दोरीने बांधण्याची सोय आत्ताच करा आणि सिलिंडरची टोपी तिथेच टांगून ठेवा.

संडास. तळमजल्यावर पाणी दाराच्या आधी संडासाच्या भांड्यातून आणि न्हाणीघराच्या मोरीतून वर येतं, तेही मैल्यासकट. जाड प्लास्टिकच्या पिशवीत दहा-बारा किलो वाळू भरून तोंड घट्ट बांधा. अशा पिशव्या प्रत्येक भांड्यासाठी एक आणि मोरीच्या प्रत्येक जाळीसाठी एक, तयार ठेवा.

दारातली वाळूची पोती. यांच्यावर लोकांचा विश्वास जरा जास्तच असतो. पोतं दोन-तृतीयांशच भरायचं. गच्च भरलेलं पोतं एकमेकांत बसत नाही आणि फटीतून पाणी येतं. खाली ताडपत्री, वर विटांसारखी सांधेमोड. एवढं करून फुटा-दीड फुटाचं पाणी काही तास थोपतं. जांभ्याच्या भिंतीतून ते झिरपतंच. त्याहून जास्त पाणी बाहेर अडवलं तर भिंतीवर दाब येतो आणि जुनी भिंत बसू शकते. मोठा पूर येणार असेल तर पोत्यांत वेळ घालवू नका, सामान उचला.

सामान. दर माणशी दर दिवशी पिण्याला आणि स्वयंपाकाला किमान ३ लिटर पाणी धरा. पाच माणसांना तीन दिवसांचे ४५ लिटर होतात. हे पाणी वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर हवं, खालच्या हंड्यात नको. बाकी यादी अशी:

- चालू औषधं १५ दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसह; ओआरएसची १० पाकिटं; पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली
- कुरमुरे, चणे, गूळ, बिस्किटं असं न शिजवता खाता येणारं
- दोन टॉर्च, सेलवर चालणारा रेडिओ, भरलेली पॉवर बँक, शिट्टी
- बोटभर जाडीची ३० मीटर नायलॉन दोरी, कोयता, हातोडी, पहार
- सुट्ट्या नोटांत रोख रक्कम, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही
- रेशनकार्ड, आधार, सातबारा, घरपट्टीची पावती, विमा पॉलिसी, बँक पासबुक हे दोन पिशव्यांत एकात एक, हवा काढून बंद केलेले

कागदपत्रांचे फोटो बाहेरगावी असलेल्या एका नातेवाइकाला आधीच पाठवा. पुण्या-मुंबईतलं हेच माणूस संकटात सगळ्यांचा निरोप्या ठरतं. गावातल्या गावात फोन लागत नसतानाही कधीकधी बाहेर लागतो.

टप्पा ४: घर वादळासाठी तयार करणं

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात जे नुकसान केलं त्यात मोठा वाटा उडालेल्या पत्र्यांचा आणि घरांवर पडलेल्या झाडांचा होता. आणि नंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून वादळासाठी पाण्याचा आणि औषधांचा साठा तीन दिवसांऐवजी आठवड्याचा धरा. वीज नसली की पंप नाही, पंप नाही की टाकी नाही.

छप्पर. खाऱ्या हवेत पत्र्याचे इंग्रजी ‘J’ आकाराचे हुक आणि वॉशर बाहेरून धड दिसले तरी आतून कुजलेले असतात. शिडी लावून प्रत्येक हुक हाताने हलवून बघा. फिरत असेल तर बदला. वारा पत्रा उचलतो तो पागोळीच्या कडेने आणि आढ्यापाशी, म्हणून या दोन ओळींत हुक दाट हवेत. पागोळी भिंतीबाहेर फार लांब काढलेली असेल तर तिला खालून आधार द्या. कौलारू घरात शाकारणी उरकतानाच शेवटच्या दोन ओळींची कौलं तारेने बांधून घ्या. पत्र्यांवर सुटे चिरे किंवा दगड वजन म्हणून ठेवायची पद्धत धोक्याची आहे. पत्रा उडतो आणि दगड घरात पडतो.

गच्चीवरची पाण्याची टाकी काठोकाठ भरा. हजार लिटरची भरलेली टाकी एक टन वजनाची होते आणि हलत नाही. रिकामी उडते. सोलर हीटर आणि पॅनेलचे बोल्ट आवळून घ्या.

माड-पोफळी. सुकलेल्या झावळ्या, नारळाच्या पेंडी उतरवा. घरावर झुकलेली फांदी मे महिन्यात तोडायची. इशारा आल्यावर माणूस झाडावर चढवू नका. तारांजवळच्या फांद्या महावितरणला कळवूनच तोडायच्या.

वादळ सुरू असताना वाऱ्याच्या दिशेची एकही खिडकी उघडी राहता कामा नये. आत शिरलेला वारा छप्पर खालून ढकलतो. वारा एकदम थांबला तर बाहेर पडू नका. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने तितकाच जोरदार वारा येतो. अशाच शांततेत लोक पत्रे गोळा करायला बाहेर येतात.

होड्या: १ जूनपासून मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्यात त्या बहुधा शाकारलेल्या असतात. खरी पंचाईत मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळांत होते. बंदरावर तीन नंबरचा (वादळी हवेच्या इशाऱ्याचा) बावटा लागला की जाळी, इंजिन आणि डिझेल किनाऱ्यावर उतरवा. होडी खाडीत आत नेऊन दोन नांगरांवर, एकमेकींना न घासता, सैल दोराने ठेवा. दोर ताठ असेल तर चढत्या पाण्यात होडी बुडते.

टप्पा ५: इशारा आला, आता काय

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ मिमीच्या वर अत्यंत मुसळधार. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. गोंधळ असा होतो की इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो. तुमच्या गावात ऊन पडलेलं असू शकतं आणि घाटमाथ्यावर आभाळ फाटलेलं. नदीकाठच्या माणसाने आपल्या डोक्यावरचा पाऊस बघून नव्हे, घाटावरचा बघून ठरवायचं. वाशिष्ठीच्या काठी कोळकेवाडी धरणाच्या विसर्गाची सूचनाही ऐकायची, कारण कोयनेच्या वीजगृहांचं पाणी तिथून नदीत येतं.

यलो असेल तर फोन, पॉवर बँक चार्ज करा, गाडीत पेट्रोल भरा. ऑरेंज आला की गाड्या त्याच दिवशी उजेडात उंचावर लावा, कागदांची पिशवी दाराशी आणा, अंथरुणाला खिळलेलं माणूस, गरोदर बाई आणि तान्हं बाळ नातेवाइकांकडे हलवा. यांना रात्री पाण्यातून काढणं सगळ्यात अवघड जातं.

निघायचं कधी? प्रशासनाने सांगितलं तर लगेच, चर्चा न करता. सांगण्याची वाट न बघता ठरवायचं असेल तर तीन प्रश्न विचारा. रेड इशारा किंवा घाटावर सलग पाऊस आहे का? नदी इशारा पातळी ओलांडून अजून चढते आहे का? उधाणाची भरती पुढच्या तीन-चार तासांत आहे का? दोनांचं उत्तर हो आलं की निघा. खांबावरच्या खुणेला पाणी लागलं असेल तर एकही प्रश्न विचारायचा राहिलेला नाही.

तपासा: रात्री नऊ वाजता तीनपैकी एकच उत्तर हो असेल आणि भरती पहाटेची असेल, तर झोपण्याआधीच निघणं शहाणपणाचं. पहाटे तीनला अंधारात निर्णय चांगले होत नाहीत.

टप्पा ६: निघताना, याच क्रमाने

१. गुरांची दावी सोडा. बांधलेलं जनावर गोठ्यातच मरतं.
२. कोरड्या जागी उभं राहून, हात कोरडे असताना इन्व्हर्टर आणि मग मेन बंद करा. फरशीवर पाणी आलं असेल तर मीटर बोर्डाला हात लावू नका.
३. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, सिलिंडर बांधा.
४. संडासाच्या भांड्यावर आणि मोऱ्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवा.
५. फ्रीज आडवा करून नव्हे, उभाच दोरीने खिडकीला बांधा. मोकळा फ्रीज तरंगतो आणि नेमका दाराला आडवा येऊन बसतो.
६. वेळ उरला तर तांदूळ, गाद्या, मिक्सर वर. वेळ नसेल तर सोडून द्या.
७. दार लावा, शेजाऱ्याला हाक मारा, बाहेरगावच्या निरोप्याला कुठे निघालो ते कळवा.

वाहत्या पाण्यात घोट्याच्या थोडं वर पाणी असलं तरी धडधाकट माणसाचा पाय सुटतो. काठीने पुढचं पाऊल चाचपून चाला, गटाराची झाकणं निघालेली असतात. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका, खालचा रस्ता आहे की वाहून गेला हे दिसत नाही.

सावधान, दरड: पुराला घाबरून डोंगराच्या पायथ्याशी जाऊ नका. २२ जुलै २०२१ लाच महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. जमिनीत नवी भेग, तिरके झालेले खांब किंवा झाडं, दारं एकाएकी अडकायला लागणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, यांतलं काहीही दिसलं तर तिथून आडव्या दिशेने दूर व्हा. उताराच्या दिशेने खाली धावू नका.

अडकलातच तर माळ्यावर जाताना पहार आणि शिट्टी बरोबर घ्या. कौलं आतून सरकवून छपरावर येता येतं. पत्र्याचं किंवा बंद स्लॅबचं घर असेल तर माळा हा सापळा होऊ शकतो, तिथे थांबण्याऐवजी शेजारची पक्की गच्ची आधीच ठरवून ठेवा. मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, समुद्रात अडकल्यास तटरक्षक दल १५५४.

टप्पा ७: परतल्यावर

झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून, खोलीगणिक, आणि खराब झालेल्या प्रत्येक यंत्राच्या नंबरासह. आधी साफ केलं तर पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याला दाखवायला काही उरत नाही. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा, नोंद राहिली असेल तर तिथेच सांगा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

बुडालेली गाडी सुरू होते का हे बघायला चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान पुरामुळे नव्हे, सुरू केल्यामुळे झालं असं विमा कंपनी म्हणू शकते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी ओढून न्या.

गाळ ओला असतानाच काढा. दोन दिवस ऊन लागलं की तो घट्ट बसतो. भिंती वरून खाली धुवा. बोर्ड उघडून, वाळवून, वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. कपाटामागे, चपलांच्या ढिगात, चिऱ्यांच्या रासेत हात घालण्याआधी काठी घाला. घोणस आणि फुरसं कोरडी जागा शोधत घरात येतात.

विहीर. आधी गाळ आणि गढूळ पाणी उपसा, पण आजूबाजूची जमीन चिंब असताना एकदम तळापर्यंत उपसू नका. बाहेरच्या दाबाने बांधकाम आत ढासळतं. मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर व्यासाचा वर्ग ९, गुणिले खोली २, गुणिले ३.१४, भागिले ४, म्हणजे सुमारे १४ घनमीटर, अर्थात १४ हजार लिटर. त्याला ३५ ग्रॅम. पुरात बुडालेल्या विहिरीला पहिला डोस याहून जास्त लागतो, तो प्राथमिक आरोग्य केंद्रातून ठरवून घ्या. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली पाण्यात बुडवून वरखाली हलवा आणि तळाचा चुना फेकून द्या. पावडर जुनी किंवा उघडी राहिलेली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलं नसतं. एक तासाने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का याची चाचणी) करून घ्या. रंग आला नाही तर पुन्हा टाका. तोवर पाणी उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळूनच प्या.

पुराच्या पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाने, विशेषतः पायाला जखम असेल तर, आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारावं. गोळी डॉक्टरच ठरवतील, शेजाऱ्याची घेऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं किंवा डोळे लाल झाले तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी थांबू नका. पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा, नाहीतर तपासणी भलत्याच दिशेने जाते.